माळ्यावरची कडीची बंदूक : वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात ठासणीच्या बंदुकीवर चार ओळी लिहिल्या आणि शेवटी सहज म्हणलं की कुणाच्या घरात असलं जुनं काही असेल तर विचारा, तर फोटोंचा ढीगच लागला ओ. त्यातले निम्म्याहून जास्त प्रश्न एकाच जातीच्या बंदुकीचे. चापाभोवती लोखंडी कडी असते, ती खाली ढकलून परत वर ओढली की रिकामी पुंगळी बाहेर आणि नवीन काडतूस आत, तसली रायफल. इंग्रजीत लिव्हर अ‍ॅक्शन. आमचे आजोबा तिला कडीची बंदूक म्हणायचे, मीपण तेच म्हणतो.

माझं सांगायचं तर वडील मिलमध्ये फिटर, त्यामुळं मशीन दिसलं की आधी त्याचे स्क्रू बघायचे ही खोड लहानपणापासूनची, पुढं एका लायसनवाल्या शस्त्रदुरुस्तीच्या दुकानात काही वर्षं बसलो, तिथं हाताखालून गेल्या त्यावरून सांगतोय. उत्तरांत तुम्हाला एक गोष्ट परत परत दिसेल, मी नळीवरचं नाव शेवटी वाचायला सांगतो. नाव ठोकता येतं, घासता येतं, आतली चाल, म्हणजे यंत्रणा, सहसा कुणी बदलत नाही.

आणि प्रश्नांच्या आधी हे वाचा. ह्या बंदुकांत नळीच्या खाली दुसरी एक पाइप असते, काडतुसं त्यात एकामागं एक आडवी बसलेली असतात आणि वरून बघितलं तर काहीच दिसत नाही. पन्नास वर्षं पोत्यात पडलेल्या बंदुकीत एखादं काडतूस अडकलेलं असू शकतं. त्यामुळं "चालतेय का बघूया" म्हणून कडी ओढत बसू नका, पोरांच्या हातात तर अजिबात नको.

प्रश्न : सर नमस्कार, आमचा जुना वाडा पाडायला काढलाय, माळ्यावर पोत्यात गुंडाळलेली एक रायफल निघाली. खाली कडी आहे, उजव्या अंगाला स्प्रिंगची एक छोटी झाकणी आहे, बोटानं दाबली की आत जाते. नळीवर अर्धं पुसलेलं किंग्ज काहीतरी आणि १८६० एवढं वाचता येतं. पुतण्यानं मोबाईलवर बघून सांगितलं ही १८६० ची हेन्री आहे, लई महाग असते म्हणे. खरं आहे का? (मुरारजी पेठेतला एक वाचक)

उत्तर : पुतण्यानं वाचलं बरोबर, अर्थ चुकीचा लावला. ते १८६० पेटंटचं साल आहे, बंदूक बनली ते साल नव्हे. चटणीच्या पाकिटावर दुकानाच्या स्थापनेचं साल छापलेलं असतं म्हणून चटणी तेव्हाची होते का? पूर्ण ओळ असते ती अशी, विंचेस्टर रिपीटिंग आर्म्स, न्यू हेवन, आणि खाली किंग्ज इम्प्रूव्हमेंट, पेटंट २९ मार्च १८६६ आणि १६ ऑक्टोबर १८६०. हीच ओळ पुढं कितीतरी वर्षं नळीवर ठोकत होते. ऑक्टोबर १८६० चं पेटंट बेंजामिन टायलर हेन्री ह्या कारागिराचं, आणि किंग म्हणजे नेल्सन किंग, ज्यानं तुम्ही बोटानं दाबली ती झाकणी काढली.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्या झाकणीतच आहे बघा. मूळ हेन्रीला ती नसतेच. हेन्री भरायची पुढच्या तोंडाकडून, खालच्या पाइपला लांबलचक फट, त्यातून एक खुंटी बाहेर आलेली, ती खुंटी वर सरकवायची, पाइपचं तोंड फिरवायचं, मग १६ काडतुसं एकेक करून सोडायची. जसजशा गोळ्या संपतील तशी खुंटी मागं सरकत येते आणि बरोबर तुमच्या डाव्या हाताला येऊन अडते. शिवाय नळीखाली लाकूड नाही, धरायचं कुठं? दहाबारा बार झाले की लोखंड तापतं. त्या फटीत धूळ-माती जायची ते वेगळंच. किंगनं काय केलं तर पाइप पूर्ण बंद केली, भरायचं दार उजव्या अंगाला मागं आणलं आणि पुढं लाकूड बसवलं. ती झाली १८६६ ची.

आता १८६६ आणि १८७३ मधला फरक डोळ्यानं दिसतो. १८६६ चा सांगाडा, म्हणजे नळी आणि दस्त्याच्या मधला भाग, पितळेसारखा पिवळाधमक, खरं तर ते गनमेटल, म्हणून तिकडं तिला यलो बॉय म्हणतात. १८७३ चा सांगाडा लोखंडी, नंतर स्टीलचा. तुमच्या फोटोत गंज आहे, पिवळं काही नाही, आणि वर एक पातळ सरकती पट्टी दिसतेय, धूळ आत जाऊ नये म्हणून दिलेलं झाकण ते. बाजूला पानाच्या आकाराची प्लेट पण दिसतेय, ती काढता येते. हे सगळं १८७३ चं. खात्री करायची तर घोड्याच्या (चाप ओढला की पुढं आपटतो तो हातोडा) मागं, दस्त्याकडं जाणाऱ्या लोखंडी पट्टीवर मॉडेल १८७३ असं असतं, गंज हलकाच पुसून बघा. नंबर खालच्या पट्टीवर, कडीच्या मागं. आणि बंदूक उलटी केली की मधोमध एक पितळी ठोकळा दिसतो, काडतूस उचलून वर नेतो तो, त्याच्या बुडावर कधीकधी बोअर, म्हणजे नळीच्या भोकाचं माप, कोरलेलं असतं. .४४ च्या सुरुवातीच्या बंदुकांवर मात्र काहीच नसतं, तेव्हा त्यांच्यात दुसरं बोअरच नव्हतं ना, लिहायचं कशाला.

किंमत मी सांगत नाही, कुणालाच सांगत नाही. एवढंच की १८७३ ह्या एका मॉडेलच्या सात लाखांहून जास्त बंदुका निघाल्या आणि १९२० च्या आसपासपर्यंत निघत होत्या, तेव्हा दुर्मिळ वगैरे डोक्यातून काढून टाका. आणि गंमत म्हणजे ही कंपनी काढणारा ऑलिव्हर विंचेस्टर मूळचा शर्ट शिवून विकणारा कारखानदार, न्यू हेवनला त्याचा शर्टांचा कारखाना होता. आपल्या सोलापुरात युनिफॉर्म शिवणाऱ्या कुणी उद्या बंदुका काढल्यासारखंच की.

पण तुमची खरी अडचण वेगळीच आहे, लायसन. खाली शेळगीच्या ताईंना दिलेलं उत्तर वाचा, आजच वाचा.

प्रश्न : पिक्चरमध्ये घोड्यावर बसून एका हातानं कडी फिरवतात ती नेमकी कुठली? ७३, ९२, ९४ सगळ्या मला सारख्याच दिसतात, फरक कसा ओळखायचा ते सोप्या भाषेत सांगा. (जुळे सोलापूर)

उत्तर : विंचेस्टरची १८७३, १८९२ आणि १८९४ ही मॉडेलं सारखी दिसतात कारण सगळ्यांना कडी, बाहेर घोडा, खाली पाइप. आणि पिक्चरवाल्यांनी अजून घोळ घालून ठेवलाय, गोष्ट १८७० च्या दशकातली आणि हिरोच्या हातात १८९२, असं कितीतरी पिक्चरमध्ये आहे, कारण शूटिंग सुरू झालं तेव्हा त्या स्वस्तात आणि भरपूर मिळत होत्या.

फरक बघायचा तो कडी उघडल्यावर. (तुमच्या मित्राकडं लायसन आहे म्हणलात, मग त्यालाच उघडायला सांगा, नळी रिकामी आहे हे दोघांनी बघून.)

१८७३ मध्ये आत दोन दांड्यांचा गुडघा असतो, माणसाचा गुडघा सरळ केला की पाय ताठ होतो तसा तो सरळ झाला की बोल्ट, म्हणजे काडतुसाला मागून दाबून धरणारा दांडा, ताठ. कडी उघडली की बोल्टचा दांडा मागं घोड्यावरून बाहेर येतो, लांब काडीसारखा. ही चाल लोण्यासारखी मऊ, पण ताकद कमी. मोठं काडतूस झेपत नाही. १८७६ ला त्यांनी तीच बंदूक फुगवून मोठी केली, कॅनडाच्या घोडेस्वार पोलिसांनी वापरली ती, पण आतला गुडघा तोच.

मग आला जॉन ब्राउनिंग, अमेरिकेतला बंदुका घडवणारा कारागीर. १८८६ च्या मॉडेलला त्यानं गुडघा काढून टाकला आणि बोल्टच्या मागच्या टोकाला दोन्ही बाजूंनी दोन उभ्या पट्ट्या दिल्या, जुन्या वाड्याच्या दाराला आडणा असतो ना तसं, फक्त आडवा नाही, उभा. कडी मिटली की दोन्ही पट्ट्या वर येऊन बोल्टला अडकवतात. ह्यामुळं .४५-७० सारखं दांडगं काडतूस चालायला लागलं. १८९२ म्हणजे हीच १८८६ लहान करून छोट्या काडतुसांसाठी बनवलेली. वरून बघितलं तर मागं दोन बाजूंना दोन पट्ट्यांची डोकी दिसली की समजायचं ८६ किंवा ९२, आणि मग आकारावरून कुठली ते ठरवायचं. ९२ एकदम सुटसुटीत.

१८९४ पण ब्राउनिंगचीच, पण हिला दोन पट्ट्या नाहीत, मागून एकच रुंद ठोकळा वर येतो. आणि सगळ्यात सोपी खूण, कडी उघडली की कडीबरोबर बंदुकीच्या पोटाची अख्खी प्लेटच खाली येते, आतलं सगळं उघडं पडतं. ९२ चं तसं होत नाही. असं व्हायचं कारण काडतुसाची लांबी. ९२ ची काडतुसं दीड-पावणेदोन इंचाची, ९४ ची .३०-३० अडीच इंचाच्या वर, एवढं लांब काडतूस खालून वर आणायचं तर जागा पाहिजे.

पेटंटची तारीख इथंपण चकवते. ९२ च्या नळीवर १४ ऑक्टोबर १८८४ दिसते, ती ब्राउनिंगच्या जुन्या पेटंटची. ९४ वर २१ ऑगस्ट १८९४. परत सांगतो, बनल्याचं साल नंबरवरून निघतं. ९४ एवढी चालली की सगळ्या मिळून सत्तर लाखांच्या वर निघाल्या आणि न्यू हेवनचा कारखाना २००६ ला बंद होईपर्यंत तिथं निघतच होत्या, त्यामुळं नुसतं ९४ आहे म्हणून ती अँटिक होत नाही, ती १९७५ चीपण असू शकते. १९६४ पासून कंपनीनं खर्च वाचवायला आतले पार्ट स्वस्तात बनवायला सुरुवात केली, म्हणून जाणकार ६४ च्या आधीचीच मागतात.

आकड्यांचं पण विचारलंय तुम्ही. .४४-४० म्हणजे ४४ बोअर आणि ४० ग्रेन काळी दारू. .४५-७० म्हणजे ७० ग्रेन. हे ग्रेन आपल्याला परके नाहीत, जुना सरकारी तोळा बरोबर १८० ग्रेनचा, म्हणजे एक तोळा दारूत .४४-४० ची साडेचार काडतुसं भरतात, आणि .४५-७० ची जी मूळची मिलिटरी गोळी, ४०५ ग्रेनची, ती बरोबर सव्वादोन तोळे शिसं. कुठल्याही सराफाला सांगा, त्याला लगेच अंदाज येईल एवढा ऐवज एका बाराला जातोय. .३०-३० मधले ३० ग्रेन मात्र काळ्या दारूचे नाहीत, बिनधुराच्या दारूचे. १८९५ ला अमेरिकेत शिकारीसाठी बिनधुराच्या दारूचं पहिलं काडतूस आलं ते हे.

प्रश्न : माझ्या मामेसासऱ्यांकडं लायसनची मार्लिन आहे. आमचे एक पाहुणे म्हणतात मार्लिन म्हणजे विंचेस्टरची कॉपी. मामांना राग आला. कोण बरोबर? (बार्शी)

उत्तर : मामा. पाहुण्यांना सांगा पाऊस पडताना दोन्ही बंदुका घेऊन उभं राहून बघा. विंचेस्टरचं डोकं उघडं, पुंगळी वर उडते, कधी टोपीत येऊन पडते, आणि वरून पाणी, पाला, कचरा सरळ आत. जॉन मार्लिननं पहिली कडीची रायफल १८८१ ला काढली ती अशीच वर उघडी होती, पण १८८९ च्या मॉडेलपासून त्यांनी डोकं पूर्ण बंद केलं आणि उजव्या कुशीत खिडकी पाडली, पुंगळी तिकडून बाहेर. पुढं दुर्बीण बसवायची वेळ आली तेव्हा ह्याच बंद डोक्याचा फायदा झाला, विंचेस्टरवर दुर्बीण लावली की पुंगळी तिच्यावरच आपटायची. कॉपी करणारा असं करतो होय?

मामांची कुठली ते बघायला त्या खिडकीतून दिसणारा बोल्ट बघा. चौकोनी, सपाट असेल तर जुन्या घराण्यातली, १८९३, १८९४ वगैरे. गोल, चकचकीत दांडा असेल तर ती बहुतेक मॉडेल ३३६, १९४८ नंतरची. तीपण चांगलीच आहे पण आजोबांच्या काळातली नाही, मामांना हळूच सांगा.

ह्यावरून आठवलं, तुमच्या पाहुण्यांना अजून एक दाखवण्यासारखी म्हणजे सॅव्हेज १८९९. जमैकात जन्मलेल्या आर्थर सॅव्हेजची. लांबून बघितलं तर कडीची बंदूक वाटतच नाही कारण बाहेर घोडाच नाही, आणि नळीखाली पाइप पण नाही. काडतुसं पोटातल्या एका पितळी चक्रात बसतात, आणि डाव्या अंगाला बारकं भोक, त्यातून किती शिल्लक आहेत त्याचा आकडा दिसतो. मी पहिल्यांदा बघितली तेव्हा ते भोक म्हणजे किडीनं केलेलं छिद्र वाटलं होतं, मग काडतूस काढलं आणि आतला आकडा सरकला, तिथंच बसलो अर्धा तास.

त्या चक्राचं कारण फार सरळ आहे. पाइपमध्ये काडतुसं एकामागं एक, म्हणजे मागच्या गोळीचं टोक पुढच्या काडतुसाच्या बुडाला टेकलेलं, आणि बुडाच्या मधोमध ठिणगीची टोपी. गोळी टोकदार असली आणि धक्का बसला तर पाइपमध्येच बार. म्हणून पाइपवाल्या बंदुकांच्या गोळ्या नाकाला चपट्या. चक्रात किंवा पेटीत काडतुसं अशी टेकत नाहीत, टोकदार गोळी चालते आणि टोकदार गोळी लांब जाते. विंचेस्टरनंपण १८९५ ला ब्राउनिंगकडून पेटीवाली करून घेतली, कडीच्या पुढं पोटाखाली चौकोनी पेटी दिसते ती. अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट १९०९ ला आफ्रिकेत शिकारीला गेले तेव्हा सिंहासाठी हीच .४०५ बोअरची नेली होती, आणि पहिल्या महायुद्धात रशियानं तीन लाखांच्या आसपास मागवल्या. नळीखाली पाइप नाही, पुढं पेटी आहे, बाहेर घोडा आहे, तर १८९५. संपलं.

प्रश्न : आमच्या घरी पणजोबांपासून एक रायफल आहे, लायसन आहे. खाली कडी आहे पण पाइप नाही, पेटी नाही, एका वेळी एकच काडतूस बसतं. कडेला मुकुट, व्ही.आर., एनफील्ड आणि साल कोरलंय. एक जण म्हणाला ही हेन्री आहे. मग विंचेस्टरवाली हेन्री हीच का? (मंगळवेढा)

उत्तर : नाही, हे दोन वेगळे हेन्री आहेत, ह्यात भलेभले फसतात. तुमची मार्टिनी-हेन्री. मार्टिनी म्हणजे स्वित्झर्लंडमध्ये कारखाना असलेला फ्रीडरिख फॉन मार्टिनी, चाल त्याची. हेन्री म्हणजे एडिनबराचा बंदूकवाला अलेक्झांडर हेन्री, नळीतले आटे, म्हणजे गोळीला फिरकी देणाऱ्या आतल्या वळत्या खाचा, त्याचे. अमेरिकेतल्या बेंजामिन टायलर हेन्रीशी काही संबंध नाही, नुसतं आडनाव. १८७१ ला ब्रिटिश फौजेनं घेतली. कडी दाबली की आतला ठोकळा पुढच्या टोकाला खाली झुकतो, काडतूस हातानं ठेवायचं, कडी वर, बार, परत कडी खाली. कडी आहे पण ही एकेरीच, तिला विंचेस्टरच्या रांगेत बसवू नका. पण गोळी बघा, ४८० ग्रेन आणि ८५ ग्रेन दारू, म्हणजे विंचेस्टर ७३ तिच्यापुढं लहान पोर. १८५७ नंतर इंग्रजांनी ठरवूनच ठेवलं होतं की देशी पलटणींच्या हातात गोऱ्यांपेक्षा एक पिढी जुनी बंदूक द्यायची, त्यामुळं गोऱ्यांकडं मार्टिनी आली तरी आपल्या शिपायांकडं बरीच वर्षं तिच्या आधीची स्नायडर रायफलच होती.

आता तुमच्या फोटोबद्दल, जरा मन घट्ट करा. साल मला १९०७ दिसतंय आणि वर व्ही.आर. म्हणजे व्हिक्टोरिया राणी. राणी वारली जानेवारी १९०१ ला. मेलेल्या राणीचा शिक्का सरकारी कारखाना सहा वर्षांनी कशाला मारेल? पुढच्या राजाचा, एडवर्डचा, ई.आर. पाहिजे होता. आणि एनफील्डमधला इंग्रजी एन उलटा आहे, आरशात बघितल्यासारखा, फोटो मोठा करून बघा. ही सरहद्दीकडची, खैबर खिंडीच्या भागात हातानं घडवलेली नक्कल आहे. तिथले लोहार खरी बंदूक समोर ठेवून कानसीनं तशीच दुसरी उतरवायचे, अक्षर वाचता येत नसे, चित्र काढावं तशी अक्षरं काढायचे. कारागिरी म्हणून मला ती खऱ्यापेक्षा जास्त आवडते, खरं सांगतो. पण उडवायची नाही, लायसन असलं तरी नाही, लोखंड कुठलं वापरलंय कुणास ठाऊक, रेल्वेच्या रुळाचंसुद्धा असतं.

प्रश्न : माझे वडील मागच्या वर्षी वारले, त्यांच्या नावावर जुनी रायफल होती, लायसन त्यांच्याबरोबरच गेलं असं समजू का? भाऊ म्हणतो शंभर वर्षांपेक्षा जुनी आहे, अँटिकला लायसन लागत नाही, इंटरनेटवर लिहिलंय. (शेळगी, एक ताई)

उत्तर : ताई, भावानं वाचलं ते अमेरिकेचं. तिकडं १९६८ च्या कायद्यात १८९८ पर्यंत बनलेली ती अँटिक असा नियम आहे. आपल्याकडं शस्त्र कायदा १९५९ चा, आणि तो वय विचारतच नाही. कलम ४५ मध्ये सूट आहे ती जुनाट नमुन्याच्या, पुराणवस्तू म्हणून मोल असलेल्या किंवा मोडक्या शस्त्राला, पण अट अशी की दुरुस्ती करून किंवा न करता ते बंदूक म्हणून वापरता येणारच नाही असं पाहिजे. दुरुस्ती करून हा शब्द बघा. घोडा तुटलाय, स्प्रिंग नाही, ह्यानं सूट मिळत नाही, कारण स्प्रिंग तर कुणीही बसवेल. आणि हे ठरवणार तुम्ही, मी किंवा भाऊ नाही.

आता करायचं काय. लायसन माणसाच्या नावावर असतं, माणूस गेला की घरच्यांनी बंदूक तशीच कपाटात ठेवणं बेकायदेशीर होतं, मग ती पोत्यात असो नाहीतर देवघरात. जवळच्या पोलिस ठाण्यात आधी फोन करा, जाऊन सांगा, वडिलांचं लायसन आणि मृत्यूचा दाखला दाखवा आणि बंदूक जमा करून पावती घ्या. लायसनवाल्या शस्त्रविक्रेत्याकडंपण जमा करता येते. जमा केली म्हणजे गेली असं नाही, वारसाला स्वतःच्या नावावर लायसनसाठी अर्ज करता येतो, शहरात असाल तर पोलिस आयुक्तालय, ग्रामीण भागात कलेक्टर ऑफिस. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला दोनच शस्त्रं ठेवता येतात, आधी तीन होती, भावाकडं आधीच दोन असतील तर तुम्ही अर्ज करा. मुरारजी पेठेच्या वाचकांनी पण हाच रस्ता धरायचा, फक्त तुमच्याकडं जुनं लायसन सापडतंय का ते वाड्याच्या कागदांत आधी शोधा, पण त्यासाठी थांबून राहू नका. बंदूक स्कूटरवर टाकून ठाण्यात न्यायची नाही, आधी फोन, ते सांगतील तसं.

आणि बोअर बघून ठेवा. .३०३ असेल तर ते मिलिटरी बोअर, आपल्याकडं साध्या लायसनवर चालत नाही. परदेशातल्या गिऱ्हाइकाला विकू म्हणाल तर तेही नाही, शंभर वर्षांवरची वस्तू १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात येते, बाहेर पाठवता येत नाही.

प्रश्न : मी कॉलेजला आहे, जुन्या बाजारातून भिंतीवर लावायला एक विंचेस्टर घेतली, पिवळी आहे, कडी पण फिरते. खरी निघाली तर प्रॉब्लेम होईल का? (विजापूर रोड)

उत्तर : चुंबक आण. फ्रीजवर लावतात तो पण चालेल. सांगाड्याला चिकटला नाही तर घाबरू नको, खऱ्या १८६६ च्या पिवळ्या सांगाड्यालाही चिकटत नाही. नळीला लाव. नळीला चिकटला नाही तर ती जस्ताची ओतीव शोपीस, लाव भिंतीवर. नळीला चिकटला तर तोंडातून टॉर्च मारून बघ, आत आरपार भोक आणि वळत जाणारे आटे दिसले तर वरचं ताईंचं उत्तर तुझ्यासाठी पण आहे. नव्या बनावटीच्या, खऱ्या चालणाऱ्या नकला पण असतात, इटलीत उबेर्टी वगैरे १८६६ आणि १८७३ हुबेहूब बनवतात, स्पेनमध्ये एइबारला १८९२ ची कॉपी एल तिग्रे नावानं निघायची. त्या नव्या असल्या तरी बंदुकाच.

प्रश्न : लायसनची जुनी विंचेस्टर आहे, काळपट पडलीय. ब्रासो की पॉलिश पेपर? (पंढरपूर)

उत्तर : दोन्ही नको, हात जोडतो. तो काळपट-तपकिरी रंग म्हणजे घाण नाही, शंभर वर्षांत लोखंडानं स्वतःवर धरलेलं कवच आहे, ते काढलं की खाली नवा गंज धरतो. शिवणयंत्राचं तेल मऊ फडक्यावर घ्या, चार थेंब, पुसा आणि सुकं फडकं फिरवा. खोबरेल नको, चिकट होतं आणि धूळ धरतं. लाकडाला जवसाचं तेल, तेपण तळहातावर दोन थेंब चोळून. स्क्रूला हात लावू नका, ह्यांच्या स्क्रूच्या खाचा एकदम बारीक असतात, आपला जाड पेचकस घातला की कडा फाटतात, आणि जाणकार माणूस बंदूक हातात आली की सगळ्यात आधी स्क्रूची डोकीच बघतो.

आमच्या दुकानात असताना एक काका १८९२ घेऊन आले होते, लायसनची, आजोबांची. येताना त्यांनी ती एका लेथवाल्याकडून बफ मारून आणली होती, आरसा झाली होती. "बघा कशी नवरीसारखी दिसायलीय" म्हणाले. मी उलटी केली, पोटाखाली पुढच्या बाजूला नंबर असतो तिथं बोट फिरवलं, गुळगुळीत. नळीवरची ओळ गेलेली, बोअर गेलेलं, नंबर गेलेला. आता शस्त्र कायद्यात कलम ८ आहे, बंदुकीवरचा नंबर किंवा खूण घासणं हाच गुन्हा. काकांना काय माहीत, त्यांनी तर प्रेमानं केलेलं. लायसन रिन्यू करायची वेळ आली तेव्हा नंबर जुळेना, मग जबाब, पंचनामा, तज्ज्ञाचा रिपोर्ट, दोन वर्षं काका हेलपाटे घालत होते, आणि तेवढे दिवस ती ठाण्याच्या मालखान्यात चिठ्ठी बांधून उभी, लांबून चकाकणारी.